कुत्र्याच्या पिल्लाचे दात बदलताना घ्यायची काळजी

सोनचाफा (सातारा)

गेल्या मंगळवारी सकाळी चिंगीची गोधडी झटकताना फरशीवर काहीतरी टिचकन वाजले. वाकून पाहिले तर तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा, शिंपल्यासारखा पांढरा दात होता. तळहातावर उलटा केला तेव्हा मुळाच्या जागी फक्त एक पोकळ खळगा दिसला. खालून नवा दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळत जाते आणि वरचा भाग सैल होऊन पडतो, हे वाचलेले होते. पण ते असे हातावर घेऊन पाहण्याची ही पहिलीच वेळ.

चिंगी ही आमच्या गल्लीतली गावठी कुत्री आहे. भाद्रपदातल्या एका पावसाळी संध्याकाळी ती भाजीच्या हातगाडीखाली भिजत बसलेली सापडली. तेव्हा तिचे वय किती असेल, हे डॉक्टरांनी तिच्या दातांवरूनच सांगितले होते. सुळे आणि पटाशीचे दात पूर्ण बाहेर आलेले आणि मागच्या उपदाढा, म्हणजे सुळ्यांमागच्या लहान दाढा, नुकत्याच दिसू लागलेल्या, म्हणजे पिल्लू साधारण सहा आठवड्यांचे. त्या हिशेबाने ती आता चार महिन्यांची झाली आहे आणि तिच्या दातांचा बदल सुरू झाला आहे.

ज्यांच्या घरी पहिल्यांदाच पिल्लू आले आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. पिल्लाला दुधाचे दात अठ्ठावीस असतात आणि मोठ्या कुत्र्याला बेचाळीस. दुधाच्या दातांमध्ये खऱ्या दाढा नसतातच. त्या थेट कायमच्या म्हणून येतात. तीन ते चार महिन्यांच्या सुमारास पुढचे पटाशीचे दात पडू लागतात, त्यानंतर उपदाढा आणि सुळे बदलतात, आणि सर्वांत मागच्या दाढा सहा-सात महिन्यांपर्यंत येत राहतात. पडलेले बहुतेक दात पिल्लू अन्नाबरोबर गिळून टाकते आणि त्याने काही अपाय होत नाही. त्यामुळे दात सापडला नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

आता हा धागा काढण्यामागचे खरे कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे वाघ्या होता. तोही चारच महिन्यांचा होता. एका सकाळी त्याने खाणे सोडले आणि कोपऱ्यात मान टाकून बसून राहिला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी, शेजाऱ्यांनी आणि ज्यांना मी फोन केला त्यांनीही एकच सांगितले, की दात येत आहेत, दोन दिवसांत ठीक होईल. मलाही ते पटले, कारण त्याच्या हिरड्या खरोखरच लाल होत्या. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी रक्ताची हगवण लागली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत त्याच्या अंगातले सगळे पाणी गेले होते. त्याला पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा विषाणूचा आजार, झाला होता. त्याच्या लशींमधली शेवटची मात्रा आमच्याकडून लांबणीवर पडली होती. तो वाचला नाही. त्याच वेळी त्याचे दात बदलत होते ही गोष्ट खरीच होती, पण आजार तो नव्हता.

म्हणून चिंगीच्या बाबतीत मी एक नेम केला आहे. दर रविवारी दुपारी तिचे तोंड नीट पाहायचे आणि फोनवर छायाचित्र काढून ठेवायचे. ती पेंगुळलेली असताना तिला मांडीवर, पाठ माझ्याकडे येईल अशी बसवते. सुरुवातीला तोंड उघडत नाही. नुसता ओठ वर करून पुढचे दात आणि सुळे पाहते, मग गालाचा कोपरा मागे ओढून उपदाढा पाहते, आणि सर्वांत शेवटी जबडा उघडून टाळू पाहते. अर्ध्या मिनिटात सारे उरकते आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा देते. आता तर गोधडीवर बसवले की ती स्वतःच मान वर करते.

आपल्यापैकी ज्यांनी पिल्लाचा हा काळ जवळून पाहिला आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा ही विनंती. विशेषतः काय चघळायला द्यावे आणि दवाखान्यात कधी न्यावे, याविषयी.

पडवी (डोंबिवली)

ताई, वाघ्याविषयी वाचून फार वाईट वाटले. तुम्ही छायाचित्रे काढून ठेवता ही सवय आम्हाला चार वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते.

आमचा मोती पॉमेरेनियन आहे. सहाव्या महिन्यात त्याच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन सुळे दिसू लागले. एक जाड, नवा आणि पुढे. त्याला खेटून मागे दुसरा, सुईसारखा बारीक. ज्या दवाखान्यात लशीसाठी जात होतो तिथे विचारले तेव्हा 'पडतील आपोआप' असे उत्तर मिळाले आणि आम्ही निश्चिंत झालो. ते पडले नाहीत. दोन सुळ्यांमधल्या फटीत अन्न आणि केस अडकायचे, तोंडाला वास येऊ लागला, आणि वर्षाच्या आतच तिथे पिवळे किटण धरून हिरडी सुजली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी भूल देऊन दोन्ही जुने सुळे काढले. त्यांनी सांगितले की लहान चणीच्या जातींमध्ये हे फार आढळते आणि त्यातही वरच्या सुळ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त.

त्यांनी सांगितलेला साधा नियम इथे देतो : एकाच जागी एकाच प्रकारचे दोन दात एकत्र राहता कामा नयेत. नवा दात हिरडीबाहेर आलेला दिसतो आहे आणि जुना हलतही नाही, असे असेल तर वाट पाहायची की काढायचा हे डॉक्टरांनी ठरवावे, आपण नव्हे.

शिरवळचा विद्यार्थी (पुणे जिल्हा)

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो आणि गेली अनेक वर्षे तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. हा विषय निघाला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी फारच थोडे जण पिल्लाच्या तोंडात डोकावलेले असतात.

सोनचाफाताईंनी जे सोसले ते मी दरवर्षी पाहतो. दात बदलताना पिल्लाची लाळ थोडी वाढते, हिरड्या लाल दिसतात, खेळण्यावर रक्ताचे ठिपके उमटतात, तोंडाला लोखंडासारखा किंचित वास येतो, आणि एखादे वेळी कडक खाणे ते अर्धवट टाकते. दातांच्या नावावर एवढेच मांडावे. ताप, वारंवार उलटी, पातळ शौच, पाणीही न पिणे, हाक मारल्यावर मान वर न करणे, यांपैकी काहीही दातांमुळे होत नाही. पार्वो आणि डिस्टेंपर (हाही कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) हे दोन्ही नेमके याच वयात पिल्लांना गाठतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि लशींचा क्रम पुरा झालेला नसतो, अशी ही मधली फट आहे. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू केलेली लस दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडली पाहिजे. पार्वोची तपासणी शौचाच्या नमुन्यावरून दवाखान्यातच काही मिनिटांत होते. त्यासाठी एक दिवसही थांबू नये.

आता सुळ्यांविषयी. वरच्या जबड्यातला कायमचा सुळा दुधाच्या सुळ्याच्या पुढच्या बाजूने येतो; पडवी यांनी वर्णन केलेले अगदी बरोबर आहे. खालच्या जबड्यात मात्र नवा सुळा जुन्याच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूने वर येतो. खालचा जुना सुळा वेळेवर पडला नाही तर नव्याला बाहेर सरकायला जागा मिळत नाही, तो आतच सरळ वाढतो आणि तोंड मिटताना त्याचे टोक वरच्या टाळूत रुतू लागते. वरच्या जोडीमुळे पुढे हिरडीचा त्रास होतो, पण खालच्या जोडीमुळे पिल्लाला प्रत्येक घासाला दुखते आणि ते सांगू शकत नाही. म्हणून खालचे सुळे जोडीने दिसले तर आठवडाभराच्या आत दाखवावे. नसबंदीच्या वेळी एकाच भुलेत दात काढू, असा विचार वरच्या सुळ्यांबाबत बऱ्याचदा चालतो; खालच्या सुळ्याचे टोक टाळूला लागत असेल तर तेवढे थांबणे योग्य नाही.

घरी पक्कड, दोरा किंवा बोटाने दात ओढू नये, ही हात जोडून विनंती. न पडलेल्या दुधाच्या सुळ्याचे मूळ बाहेर दिसणाऱ्या भागापेक्षा लांब, बारीक आणि वाकडे असते. ओढल्यावर ते आत मोडते, तुकडा हिरडीत राहतो आणि शेजारच्या नव्या दाताला इजा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट लोक हमखास सोडून देतात. दुधाचा सुळा खेळताना मोडला तर 'नाहीतरी पडणारच आहे' म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. मोडलेल्या दाताच्या मधोमध लाल किंवा काळा ठिपका दिसत असेल तर आतली नस उघडी पडली आहे असे समजावे. त्या वाटेने जंतू खाली शिरतात आणि तिथेच घडत असलेल्या कायमच्या दाताचे नुकसान करतात. असा दात काढावाच लागतो.

औषधांविषयी एक सूचना. लहान मुलांच्या हिरड्यांना लावायचे मलम, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, लवंगेचे तेल, यांतले काहीही पिल्लाला देऊ नये. आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचा डोस पिल्लाच्या वजनाला सहज जास्त होतो. माझ्याकडे अशी पिल्ले आलेली आहेत आणि आणणारे सगळे मायेपोटीच औषध देऊन बसलेले असतात.

अंगण (कोल्हापूर)

चघळायला काय द्यावे, यावर मी लिहिते, कारण आमच्या घरी आतापर्यंत पाच पिल्ले वाढली आहेत आणि दरवाजाच्या चौकटीपासून सासूबाईंच्या जपमाळेपर्यंत सगळ्यांनी दातांखाली घेतलेले मी पाहिले आहे.

आमच्याकडे सर्वांत उपयोगी पडतो तो जुना सुती पंचा. तो धुऊन, पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा, मधोमध एक सैल गाठ मारायची आणि फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवायचा. बर्फासारखा टणक होऊ द्यायचा नाही; गार आणि किंचित कडक एवढाच हवा. पिल्लू गाठ तोंडात धरते, गारव्याने हिरडीला बरे वाटते आणि ते दहा-पंधरा मिनिटे शांत बसते. मात्र ते संपूर्ण वेळ आपण शेजारी बसायचे. पंच्याचे दोरे सुटू लागले की तो टाकून द्यायचा, कारण गिळलेला लांब दोरा आतड्यात अडकला तर आतडे चुणीसारखे गोळा होते आणि शस्त्रक्रियेवाचून उपाय राहत नाही.

दुसरे म्हणजे गाजर. अख्खे, जाड, फ्रिजमधून काढलेले. पिल्लू ते सोलून सोलून खाते आणि बराच चुरा जमिनीवर पाडते. तो पाडू द्यावा. काकडीही चालते. कोरडा खाऊ दुखऱ्या हिरड्यांना टोचत असेल तर त्यात कोमट पाणी घालून दहा मिनिटे भिजवावा. भाकरी देणाऱ्यांनी ती पाण्यात किंवा मीठ-मसाला नसलेल्या, कांदा-लसूण न घातलेल्या मटणाच्या पाण्यात कुस्करावी.

काय देऊ नये, याची यादी आपल्याकडे वेगळी आहे आणि ती परदेशी माहितीत सापडत नाही. आंब्याच्या दिवसांत कोय. तिला गराचा वास असतो, पिल्लू ती चोखता चोखता गिळते आणि ती आतड्यात अडकते. पावसाळ्यात खाऊन टाकलेले मक्याचे कणीस. तेही तसेच अडकते. नारळाची करवंटी अनेक जण मोठ्या हौसेने देतात; तिचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि काथ्या पोटात जातो. शिजवलेली हाडे, मग ती कोंबडीची असोत वा मटणाची, फुटून टोकदार होतात. द्राक्षे आणि मनुका तर एखादा दाणाही नको, कारण त्यांनी मूत्रपिंडांना धोका होतो. अंगणात कण्हेर असेल तर पिल्लू त्या बाजूला एकटे सोडू नये. तिचे पान, फूल, फांदी सगळेच विषारी आहे.

विकतचे खेळणे निवडताना अंगठ्याचे नख त्यावर दाबून पाहावे. नखाची खूण उमटली तर ते पिल्लाच्या दातांना चालेल. मुळीच दबत नसेल, तर दात मोडेल. शिंगे, खूर आणि कडक नायलॉनची हाडे याच कारणाने आम्ही बंद केली. खेळणे जबड्यात पूर्ण मावेल इतके लहान नको. आणि जुनी चप्पल किंवा मोजा कधीही खेळायला देऊ नये. जुनी चप्पल चालते आणि नवी चालत नाही, हा फरक पिल्लाने कसा ओळखावा?

विजेच्या वायरींचे सांगायला हवे. चार्जरची वायर जमिनीवर लोंबत असेल तर या तीन महिन्यांत ती चावली जाणारच. आम्ही सगळ्या वायरी कमरेच्या वर खिळ्यांना अडकवतो.

नवी पालवी (नाशिक)

सर्वांची माहिती वाचून धीर आला. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आम्ही पंधरा दिवसांपूर्वी सोसायटीच्या वाहनतळातून एक पिल्लू घरी आणले. तीन-साडेतीन महिन्यांचे असावे. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. पिल्लू खेळताना त्याच्या हातापायांना चावते आणि परवा त्याच्या मनगटावर सुईने टोचावे तसे थेंबभर रक्त आले. घरात सगळे म्हणतात की दात शिवशिवत आहेत म्हणून चावते, एवढ्याशा पिल्लाच्या चाव्याने काय होणार. पिल्लाला अजून रेबीजची लस दिलेली नाही. मी काय करावे?

शिरवळचा विद्यार्थी (पुणे जिल्हा)

नवी पालवीताई, आधी मुलाला घेऊन आजच सरकारी रुग्णालयात जा आणि मग पुढचे वाचा.

पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज होत नाही, हा समज प्राणघातक आहे. ज्या पिल्लाचा पूर्वेतिहास माहीत नाही आणि ज्याला लस दिलेली नाही, त्याच्या दाताने रक्त आले तर तो चावा सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो. अशा वेळी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी लागते. तेव्हा धुतली नसेल तर आताही धुवा. हळद, चुना, तिखट असे काही लावू नका. लस शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी स्नायूत दिली जाते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची मात्रा नसते. रक्त आलेल्या जखमेत लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते आणि त्याचा निर्णय तिथले डॉक्टर घेतील. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण लस सुरू करण्यासाठी ते दहा दिवस थांबायचे नसते. पिल्लू या काळात निरोगी राहिले तर पुढच्या मात्रांचे काय करायचे तेही डॉक्टरच सांगतील.

पिल्लाला बारा आठवडे पूर्ण झाले असतील तर त्याची रेबीजची लसही ताबडतोब घ्या.

आता चावण्याविषयी. दात बदलताना पिल्लू चावते हे खरे आहे, पण त्याला मारून, थोबाडावर चापटी देऊन किंवा तोंड दाबून धरून ते थांबत नाही. ते हाताला घाबरायला मात्र शिकते. दात अंगाला लागला की खेळ तिथल्या तिथे थांबवावा, हात मागे न ओढता स्थिर ठेवावा, कारण पळणारा हात पिल्लाला शिकारीसारखा वाटतो. मग त्याच्या तोंडात पंचा किंवा खेळणे द्यावे. त्यावरही ऐकले नाही तर आपण उठून अर्धा मिनिट खोलीबाहेर जावे. घरातल्या प्रत्येकाने हेच केले तर काही आठवड्यांत फरक पडतो. एकाने खेळात हात चावू द्यायचा आणि दुसऱ्याने रागवायचे, असे झाले तर पिल्लू गोंधळते.

संध्याकाळी पिल्लू अचानक उधळते आणि सगळ्यांना चावत सुटते, तेव्हा बहुधा त्याची झोप अपुरी असते. या वयात ते दिवसाचे सोळा-अठरा तास झोपते. मुले शाळेतून आल्यावर त्याला सतत उचलतात आणि ते झोपूच शकत नाही. सात वर्षांच्या मुलाला आणि दात बदलणाऱ्या पिल्लाला मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत ठेवू नये.

नवी पालवी (नाशिक)

जाऊन आलो. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही दिले. आपले आभार कसे मानावेत कळत नाही. पिल्लाला उद्या नेणार आहोत.

काळी माती (लातूर)

आमचा राजा जर्मन शेफर्ड आहे. साडेतीन महिन्यांचा असताना त्याचे कान उभे राहिले होते. चौथ्या महिन्यात, दात पडू लागले तसे दोन्ही कान पुन्हा खाली आले. ज्यांच्याकडून पिल्लू घेतले त्यांनी कॅल्शियमचे सरबत आणि भुकटी दोन्ही द्यायला सांगितले, आणि ते आम्ही तीन आठवडे दिले. आमच्या डॉक्टरांनी ते ऐकताच थांबवले. हे योग्य झाले का, याविषयी घरात मतभेद आहेत. कान सात महिन्यांनंतर आपोआप उभे राहिले, हे मात्र खरे.

शिरवळचा विद्यार्थी (पुणे जिल्हा)

तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केले. दात बदलताना या जातीचे कान खाली-वर होणे नेहमीचे आहे. मोठ्या जातीच्या पिल्लाला संतुलित आहारावर वरून कॅल्शियम दिले तर दात मजबूत होत नाहीत. उलट हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडते. वाढीच्या वयात पिल्लाचे शरीर जास्तीचे कॅल्शियम आतड्यातच अडवू शकत नाही, हे त्यामागचे कारण आहे. नुसत्या भात-दुधावर किंवा नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लाची गोष्ट वेगळी. त्याच्या आहाराचाच विचार डॉक्टरांबरोबर बसून करायला हवा.

नव्या दातांवर तपकिरी खड्डे दिसत असतील तर त्याचाही कॅल्शियमशी संबंध जोडू नये. लहानपणी डिस्टेंपर होऊन वाचलेल्या पिल्लांच्या कायमच्या दातांवरचे कवच जागोजागी घडतच नाही, कारण आजार झाला तेव्हा ते दात हिरडीखाली तयार होत होते. आणि सात महिने उलटूनही एखाद्या दाताची जागा रिकामीच राहिली, विशेषतः पग किंवा बॉक्सरच्या खालच्या जबड्यात सुळ्यामागची पहिली, तर एक्स-रे काढून पाहावा. दात मुळातच नसेल तर चिंता नाही, पण तो हिरडीखाली अडकलेला असेल तर त्याभोवती पाण्याची गाठ होऊन जबड्याचे हाड पोखरले जाते.

सोनचाफा (सातारा)

सात आठवड्यांनी लिहीत आहे. चिंगी आता साडेपाच महिन्यांहून थोडी मोठी झाली आहे.

पटाशीचे बाराही दात बदलले. त्यांतले चार मला सापडले आणि ते मी कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवले आहेत. वरचे सुळेही सुरळीत बदलले. पाचव्या रविवारच्या छायाचित्रात मात्र खाली डाव्या बाजूला, जुन्या सुळ्याच्या आत, नव्याचे पांढरे टोक दिसले. नुसते पाहताना ते माझ्या लक्षात आले नव्हते; आधीच्या रविवारचे छायाचित्र शेजारी ठेवल्यावर कळले. जुना सुळा बोटाने हलवून पाहिला तर तो घट्ट होता. पुढच्या चार दिवसांत नवा भराभर वाढला आणि टाळूवर, वरच्या सुळ्याच्या आतल्या बाजूला, मसुराएवढा लाल खळगा दिसू लागला. ती गाजर उजव्या बाजूनेच चावते आहे, हे तेव्हा उमगले.

इथे वाचलेले नसते तर मी नसबंदीपर्यंत थांबले असते. शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी तिला दवाखान्यात नेले, रक्ततपासणी झाली आणि भूल देऊन तो सुळा काढला. डॉक्टरांनी तो मला गॉजवर ठेवून दाखवला. बाहेर दिसत होता तो भाग जेमतेम एक तृतीयांश; बाकी सगळे मूळ, बाभळीच्या काट्यासारखे बारीक आणि एका बाजूला वाकलेले, कुठेही विरघळलेले नाही. घरी येऊन करंड्यातल्या पहिल्या दाताशेजारी तो ठेवला, तेव्हा त्या पोकळ कणीत आणि या काट्यात किती फरक आहे ते दिसले.

दोन दिवस तिला दहीभात आणि भिजवलेला खाऊ दिला, डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक वेळेवर दिले आणि दहा दिवस पंच्याची ओढाओढ पूर्ण बंद ठेवली. आज त्याला सोळा दिवस झाले. नवा सुळा किंचित बाहेरच्या बाजूला झुकला आहे, टाळूवरचा खळगा भरत आला आहे, आणि काल तिने डाव्या बाजूने गाजर फोडले. शेवटच्या दाढा अजून यायच्या आहेत. दात घासायची सवय हिरड्या पूर्ण शांत झाल्यावरच लावा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तोवर बोटाला ओला मऊ कपडा गुंडाळून नुसते फिरवते. माणसांची पेस्ट वापरायची नाही, कारण तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असू शकते आणि ते कुत्र्याला विषासारखे असते.

खालच्या सुळ्याची पाचव्या रविवारची आणि आजची छायाचित्रे शेजारी शेजारी जोडली आहेत. ज्यांच्या पिल्लाचे खालचे सुळे बदलत असतील त्यांनी ताडून पाहावीत.